कळलावीचे बारमाही उद्योग

वऱ्हाडात झाड लावणाऱ्या मनुष्यास दोन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतात. पहिला, ‘याले फळ काय येते?’ आणि दुसरा, ‘एकरी किती होते?’ ज्या मुलखाला सोन्याची कुऱ्हाड म्हणण्याची वहिवाट पिढ्यानपिढ्या चालत आली, आणि जिथल्या काळ्या कसदार मातीत कापूस, तूर व ज्वारी यांवाचून अन्य कशाने उगवणे हा आगाऊपणा समजला जातो, तिथे हे प्रश्न विचारणाऱ्यास मी तरी दोष देत नाही. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे रोखीने चुकती केली, म्हणून त्याला मान्यता मिळाली. गुलाब व जास्वंद देवघराच्या वशिल्यावर सुटले. तुळशीस प्रश्न विचारण्याची तर कोणाची छातीच नाही. परंतु जी वेल वर्षातील निम्म्याहून अधिक काळ जमिनीच्या वर मुळी दिसतच नाही, जिचा कंद खाल्ला असता पुढे खाणाराच दिसेनासा होतो, आणि जिचे नुसते नाव उच्चारताच घरातील वडीलधारी मंडळी सुपारी कातरायची थांबतात, अशी कळलावी अमरावतीसारख्या शहरात, भरवस्तीत, सामाईक भिंतीलगत हौसेने लावणाऱ्या इसमाची बाजू मांडण्यास वकीलही सहजासहजी मिळत नाही. सबब हे काम मलाच अंगावर घ्यावे लागत आहे.

उद्यानविद्येवरील ग्रंथांतून उत्तम बहुवर्षायू वनस्पतीचे एक लक्षण वारंवार सांगितलेले आढळते. ते असे की, तिने एका ऋतूत फुलून उरलेल्या ऋतूंत नुसती जागा अडवून बसू नये. कधी पान, कधी फूल, कधी फळ अशा क्रमाने पाहणाऱ्यास तिने वर्षभर गुंतवून ठेवावे. या कसोटीस कळलावीइतकी उतरणारी वनस्पती माझ्या पाहण्यात नाही. मात्र ग्रंथकारांस जे अभिप्रेत असते ते ती मृगापासून फार तर दिवाळीपर्यंत पुरवते, आणि उरलेला सारा काळ ती स्वतः गैरहजर राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांस विषय पुरवते. फुलणे हे तिचे हंगामी काम आहे; चर्चेत राहणे हे कायमचे.

ही वेल तिच्या खऱ्या ऐश्वर्यात पाहावी ती मेळघाटात, श्रावणाच्या सुमारास. परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट चढताना धुक्याने सगळे रंग पुसून टाकलेले असावेत, गाडीतील निम्मी मंडळी वळणांनी गप्प झालेली असावीत, आणि अशा वेळी रस्त्याच्या कडेच्या झुडपांतून लाल-पिवळ्या ज्वाळा उलट्या टांगल्यासारख्या दिसाव्यात, म्हणजे प्राचीनांनी हिला अग्निशिखा का म्हटले ते ग्रंथावाचून कळते. पण व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाची गणना झालेली असल्यामुळे तिथला कंद उकरून आणणे म्हणजे वनखाते आणि वाघ या दोघांशीही एकाच वेळी वाकडे घेणे होय. आणि या दोहोंपैकी कागदपत्रांचा ससेमिरा न लावणारा पक्ष कोणता, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. माझा कंद आला तो अकोला जिल्ह्यातून, आमच्या मेहुण्यांच्या मूर्तिजापूरकडील शेताच्या धुऱ्यावरून. धुऱ्यावरच्या बोरीच्या जाळीत तो किती वर्षे आपले काम बिनबोभाट करीत होता कोण जाणे. मेहुण्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला व, ‘भाऊजी, हे घ्या तुमचं; आमच्याकडं बैलंबी याले तोंड लावत नाहीत,’ एवढ्या शिफारशीसह तो माझ्या हवाली केला.

कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणजे दोन हात एकमेकांशी कोन करून निघालेले. म्हणून वैद्यकग्रंथांत तिला लांगली अशीही संज्ञा आहे. प्रत्येक हाताच्या अगदी टोकाशी एकच डोळा असतो, आणि सारी भिस्त त्या डोळ्यावर. बटाट्याचा एक डोळा फुटला तर दुसरा आहे, दुसरा गेला तर तिसरा. इथे मात्र टोक मोडले की तो हात जन्माचा आंधळा झाला, मग तो कितीही गुबगुबीत असो. या एका बाबीवर पुढे जो प्रसंग गुदरला तो यथावकाश येईलच.

लागवडीत कौशल्य म्हणावे असे फारसे नाही, मात्र एक पथ्य आहे व ते वऱ्हाडी माणसास जड जाते. ज्या काळ्या मातीच्या अभिमानावर आम्ही उभे आहोत, तीच या कंदाचा काळ होते. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि कंद कुजतो. म्हणून मुरूम, जाडी रेती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण करून त्यात कंद आडवा निजवावा लागतो. आमच्या घरी काळ्या मातीऐवजी मुरूम विकत आणला गेला ही वार्ता आळीत पसरली, तेव्हा मला थोडासा उष्मा झाला असावा असा प्राथमिक निष्कर्ष काढण्यात आला. आणि तो वैशाखाचा महिना असल्यामुळे कोणालाही अशक्य वाटला नाही.

अमरावती व अकोला ही दोन शहरे उन्हाळ्याच्या बाबतीत एकमेकांशी जुनी चुरस राखून आहेत, आणि पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे दोन्हीकडील नागरिक आपापल्या गावाचा आकडा पाव्हण्यास काहीशा अभिमानानेच सांगतात. या दिवसांत कळलावी झोपलेली असते, आणि झोपलेल्या कंदास पाणी घातले तर तो सडतो. तात्पर्य, कुंडी आहे, कुंडीत काही दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला मी पाणीही घालीत नाही, असा तो देखावा होता. आमचे शेजारी दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले नाझर असून, जप्ती, ताबा व पंचनामा यांत हयात गेल्यामुळे कोणत्याही वस्तूची नोंद केल्यावाचून तिच्यावरून दृष्टी पुढे नेणे त्यांना जमत नाही. त्यांनी भिंतीवरून विचारले, ‘काहून जी, हे कुंडी खाली कायले ठेवली?’

मी म्हणालो, ‘खाली नाही नाझरसाहेब, कळलावी आहे तीत.’

‘मंग कुठी हाये?’

‘खाली.’

‘मीबी तेच म्हनतो ना बाप्पा, खाली हाये!’

या मुद्द्यावर उभयपक्षी एकमत झाल्याने ती चौकशी तिथेच संपली. दरम्यान घरातल्या घरात कुंडीचा विनियोग ठरून गेला होता. गच्चीवर कुरड्या व सरगुंडे वाळत घातले म्हणजे अंथरलेल्या जुन्या लुगड्याच्या चार कोपऱ्यांवर चार वजने लागतात. तिघांपुरते खलबत्ता, वरवंटा आणि माझ्या संग्रहातील एक जाडजूड ग्रंथ हे नेमलेले होते, चौथ्या कोपऱ्याचा प्रश्न अग्निशिखेने सोडवला. आयुर्वेदाने जिला उपविषांच्या वर्गात मानाने बसवले, ती त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळवण धरून होती.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या आणि काही दिवसांत मुरमातून एक हिरवा, तकतकीत कोंब वर आला. त्यानंतर त्याने जी गती घेतली ती पाहून, इतके महिने बिनपगारी रजेवर असलेला एखादा कारकून कामावर रुजू होताच सगळ्या दप्तराचा निकाल एका आठवड्यात लावू पाहतो की काय, असे वाटे. इतर वेलींना चढण्यासाठी तणाव्यांचे वेगळे खाते ठेवावे लागते. हिने तो खर्च वाचवला आहे. हिच्या प्रत्येक पानाचे टोकच लांबून, बारीक होऊन गुंडाळी करते आणि जे सापडेल त्यास धरते. मी आधारासाठी पऱ्हाट्या आणि तुराट्या रोवल्या होत्या, त्या तिने पहिल्या पंधरवड्यातच काबीज केल्या, आणि मग दोरीवरच्या धोतराकडे मोर्चा वळवला. ओले धोतर वाळल्यावर काढावे तो दोन पानांनी त्याच्या काठास मिठी घातलेली; ओढावे तर धोतर फाटते किंवा पान तुटते. घरात या प्रसंगी मतभेद झाले. पान वाचवावे या पक्षात मी एकटाच होतो.

त्यानंतर ती भिंत ओलांडून नाझरसाहेबांच्या हद्दीत शिरली. मी संकोचाने तिला परत वळवू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. त्यांचे म्हणणे असे की, वेल त्यांच्या बाजूस आली आहे ती राजीखुशीने आली आहे, तिला जबरीने बेदखल करणे योग्य नव्हे, आणि तूर्त जैसे थे राखावे. हा उदारपणा होता की पुढील दाव्याची तरतूद, हे मला त्या वेळी उमगले नाही.

श्रावणात कळी उमलली, आणि इथे मात्र थट्टा बाजूस ठेवून दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. फूल खाली मान घालून लोंबते, पण त्याच्या सहाही पाकळ्या मागे, वर वळलेल्या असतात, आणि त्यांच्या कडा आगीच्या जिभांप्रमाणे नागमोडी हलत असल्याचा भास होतो. प्रथम त्या हिरवट असतात; मग पिवळ्या होतात; मग टोकांकडून लाली खाली उतरू लागते आणि अखेरीस सारे फूल शेंदरी-लाल होऊन जाते. हे रंगांतर दिवसादिवसाने होत असल्यामुळे एकाच वेलीवर एकाच सकाळी हिरवे, पिवळे, केशरी व तांबडे अशा सर्व अवस्थांतील फुले दिसतात. खालच्या बाजूस सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेले, आणि स्त्रीकेसराचा दांडा मात्र तळाशीच जवळजवळ काटकोनात मुरडून एका बाजूस निघून गेलेला. आपल्याच फुलाच्या परागांशी संबंध येऊ नये अशी ती योजना आहे. ती फुलपाखरे आणि शिंजीर परागांची ने-आण करून तडीस नेतात. ही गोष्ट मी आमच्या आजींना समजावून सांगितली, तेव्हा सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या त्या फुलाविषयी त्यांचे मत क्षणभर अनुकूल झाले. पण क्षणभरच. कारण हे झाड घरात असले म्हणजे घरात कळ लागते, भांडणे होतात, ही त्यांची श्रद्धा सोयरिकीच्या मुद्द्यावर ढळण्याइतकी कच्ची नव्हती.

या आरोपाचा छडा लावणे मला आवश्यक वाटले. ज्या कळा या नावात आहेत त्या भांडणाच्या नव्हेत, प्रसूतीच्या होत. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या तळहातास, तळपायास किंवा बेंबीपाशी या कंदाचा लेप लावण्याची चाल होती, आणि त्यावरून ती ‘कळा लावणारी’ ठरली. म्हणजे बिचारीची नेमणूक सुइणीच्या हाताखाली झाली होती आणि लोकांनी तिची बदली नारदाच्या खात्यात केली. कोकणात तर गौरीच्या पूजेत या फुलांना मान आहे. तिथल्या गौरी काही भांडण लावून परत गेल्याचे ऐकिवात नाही. हे सर्व मी साधार मांडले. आजी म्हणाल्या, ‘कोकनात चालत असन. आपल्या महालक्ष्म्या येगळ्या हायेत.’ सोळा भाज्या, आंबील आणि पुरणपोळी यांवर प्रसन्न होणाऱ्या आमच्या महालक्ष्म्यांची अभिरुची कोकणच्या गौरींहून भिन्न आहे, हे मलाही नाकारता येईना. शिवाय, ही वेल लावण्यापूर्वी आमच्या घरी भांडणे होत नव्हती असे शपथेवर सांगेल असा साक्षीदार मिळाला असता तर आरोपास काही वजन आले असते. तसा साक्षीदार अमरावती जिल्ह्यात मिळणे दुरापास्त होते.

आश्विन उजाडला आणि फुलांच्या जागी शेंगा धरल्या. या शेंगा वाळून तडकतात तेव्हा आतून नारिंगी-लाल बियांच्या ओळी दिसतात, आणि त्या इतक्या मोहक असतात की लहान मुलांच्या डोळ्यांस त्या गोळ्याच वाटाव्यात. इथे विनोदाचा प्रश्नच नाही. या वेलीचा कोणताही भाग पोटात जाता कामा नये, आणि कंद व बिया तर मुळीच नाही; रताळे समजून कंद उकडून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या घटना श्रीलंकेत नोंदवलेल्या आहेत. मी शेंगा तडकण्यापूर्वीच कापून कुलपात ठेवल्या व हात स्वच्छ धुतले. हे हात धुणे नाझरसाहेबांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी आळीत विषाची बातमी होती, तिसऱ्या दिवशी नाझरसाहेब स्वतः लंगडत आले आणि, आपल्या हद्दीतील वेल तत्काळ काढून न्यावी, अन्यथा पुढील परिणामांस मी जबाबदार राहीन, असे त्यांनी मला तोंडी बजावले.

लंगडण्याचे कारण विचारता पायाचा अंगठा सुजल्याचे कळले. दुखणे जुने होते, वातरक्ताचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या व त्यांनी फार आराम पडे, म्हणून त्यांनी ती पट्टी खिशातून काढून मला कौतुकाने दाखवली. तीवर कॉल्चिसीन हे नाव छापलेले होते. मी ते वाचले आणि माझ्या मनात जो आनंद उसळला तो शेजारधर्मास शोभणारा नव्हता. हे द्रव्य युरोपात कॉल्चिकम नावाच्या फुलझाडापासून काढतात. आमची कळलावी त्याच झाडाच्या कुळातली, आणि तिच्या बियांत व कंदांत हेच कॉल्चिसीन असते. मात्रेत असले तर अंगठा शांत, मात्रेबाहेर गेले तर माणूसच शांत. एवढ्यावर न थांबता मी त्यांना असेही सांगितले की, १९३७ साली ब्लेकस्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने या द्रव्याने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रे दुप्पट करता येतात हे दाखवले, आणि ते उन्हाळ्यात चवीने खातात ते बिनबियांचे टरबूज याच करामतीवर आधारून जपानात किहारा यांनी सिद्ध केले. नाझरसाहेब बराच वेळ गोळ्यांच्या पट्टीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, ‘मंग तुमच्या कुंडीत हे किती गोळ्याचा माल हाये?’ कच्च्या मालातून घरी औषध करता येत नाही, तसा प्रयत्न केल्यास पेन्शन कुटुंबाच्या नावे वर्ग होईल, हे मी त्यांना निक्षून सांगितले. परंतु वेल काढून नेण्याची नोटीस त्याच वेळी मागे घेतली गेली.

हिवाळ्यात वेल पिवळी पडली, वाळली, आणि एके सकाळी बुडापासून सुटून आली. भेटीस येणाऱ्या प्रत्येकाने, ‘मेली का?’ असे विचारले, आणि ‘नाही, झोपली आहे’ या उत्तरावर प्रत्येकाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती करुणा वेलीसाठी नव्हती.

याच सुमारास अकोल्याहून मेहुणे आले. त्यांना मी सहज बोलता बोलता सांगून गेलो की, आपल्या धुऱ्यावरची ही वेल तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ त्या देशी गेली असता तिच्या एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच देण्यात आला होता. राजकन्या व हिरे यांचा मेहुण्यांवर काही परिणाम झाला नाही. परंतु तामिळनाडूत धारापुरम, ओट्टनछत्रम या भागांत शेतकरी तारांच्या मांडवावर कळलावीची रीतसर शेती करतात, सकाळी मजूर फुलोफुली हाताने परागण करीत हिंडतात, आणि बिया औषधी कारखान्यांसाठी परदेशी जातात, हे ऐकताच ते सावरून बसले व त्यांनी तो प्रश्न विचारला, जो वऱ्हाडात आज ना उद्या विचारला जाणारच होता: ‘एकरी किती होते?’

मध्यंतरी पांढऱ्या मुसळीच्या लाटेत हात पोळलेल्या माणसाने पुन्हा कंदाकडे वळू नये असे मी सुचवून पाहिले; पण ज्याला कंदाचा एकदा चटका बसतो तो पुढला कंद अधिक निर्धाराने लावतो, असा अनुभव आहे. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात नागार्जुनाच्या नावाचे वनौषधींचे उद्यान आहे, तिथे जाऊन आपण सगळी माहिती घेणार, असे त्यांनी जाहीर केले, आणि बेण्याचा हिशेब करण्यासाठी कुंडीतील कंद तूर्त पाहावयास मागितला. या वेलीचा जुना कंद दर वर्षी झिजून जातो व त्याजागी नवा तयार होतो. तेव्हा उकरून काढला तो धुऱ्यावरच्या कंदाचा वारस होता, अधिक जाड, अधिक तुकतुकीत, आणि दोन्ही हातांच्या टोकांशी एकेक डोळा असलेला. मेहुण्यांनी खिशातून काटा काढून त्याला आकड्यास लावला. वजन भरले, आणि काढताना एका हाताचे टोक टचकन मोडले.

नाझरसाहेब भिंतीपाशी उभेच होते. त्यांनी तिथल्या तिथे निवेदन केले की, सदर वेलीचे वास्तव्य संपूर्ण पावसाळाभर निम्मे त्यांच्या भिंतीवर उघडपणे, अखंड व हरकतीवाचून झालेले असल्यामुळे कंदाच्या निम्म्या भागावर त्यांचा हक्क पोहोचतो, व तो निम्मा भाग म्हणजे डोळस भाग होय, कारण नुकसान दुसऱ्या पक्षाच्या हातून झाले आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की, मूळ कंद त्यांच्या सातबाऱ्यावरच्या धुऱ्याचा आहे, भिंत काही कंदास प्रसवली नाही. नाझरसाहेबांनी वाटणीपत्रासाठी कोरा कागद मागवला आणि ‘मजकूर कंद’ इथवर मसुदा आणला. मेहुण्यांनी कोणता हात कोणाचा हे लिहिल्यावाचून सही करण्याचे नाकारले. अकोल्याची शेवटची गाडी निघून गेली. रात्री दोघेही आमच्याकडेच पंक्तीस बसले, वांग्याची भाजी आणि भाकरी जेवले, आणि मीठ हवे असता ते एकमेकांकडे न मागता माझ्यामार्फत मागत राहिले. कुंडी आपल्या माहेरची आहे, एवढेच सौभाग्यवती मध्ये एकदा म्हणाल्या. जेवणे उरकेपर्यंत त्यांनी कंद कोरड्या रेतीच्या डब्यात घालून डबा कुठेसा ठेवून दिला होता, आणि तो कुठे ठेवला हे त्यांनी आम्हां तिघांपैकी कोणासही अद्याप सांगितलेले नाही.